दिवेलागणीच्या आतले विषय

गोसावी सरांनी माझ्या तिसऱ्या विषयावर लाल रेघ मारली, पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हा नको. बाकीचेही बदललेत मी. फेअर करून आण, शुक्रवारी इटलीला पाठवायचंय."

मी कागद बघितला. मी निवडलेल्या पाच विषयांतला एकही शिल्लक नव्हता. त्यांच्या जागी सरांच्या बारीक अक्षरात नवे पाच बसले होते. इटलीतला बांधकाम कायदा. कार्यालयीन संवाद. हिशेबतपासणीची ओळख. इटालियन भाषा, पायरी पहिली. आणि शेवटचा, द्राक्षमद्य उद्योगाचं व्यवस्थापन. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होते.

"सर, हा दारूचा विषय आहे," मी म्हणाले.

सरांनी चष्मा वर करून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, उद्योग कुठला का असेना, व्यवस्थापन ते व्यवस्थापनच. आणि मग त्यांनी ड्रॉवरमधून त्या विद्यापीठाचा नकाशा काढून टेबलावर पसरला. मुहूर्त शोधून काढलेल्या गुरुजींसारखा त्यांचा चेहरा फुलला होता. एका इमारतीवर त्यांनी बोट ठेवलं. पाचही विषयांचे तास याच इमारतीत होते, ती मुलींच्या वसतिगृहाच्या बरोबर समोर होती, आणि शेवटचा तास चार वाजता सुटत होता. त्यासाठी त्यांनी म्हणे रविवार घालवला होता.

"दिवे लागायच्या आत दोघी खोलीवर," ते म्हणाले. "दोघींचे विषय सारखे. एकमेकींना सोबत."

म्हणजे विषय कुठला हे त्यांनी बघितलंच नव्हतं. इमारत बघितली होती. परदेशातलं अख्खं सत्र त्यांनी नकाशावर बोट ठेवून निवडलं होतं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझा राग तसा लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, हिला सासरी पाठवताना बरोबर बर्फाची लादी द्यावी लागेल.

दोघी म्हणजे मी आणि हर्षदा. आमचं कॉलेज हमरस्त्यापासून आत, माळावर. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी इटलीतल्या एका विद्यापीठाशी करार केला होता, आणि त्यातून पहिल्यांदाच कुणीतरी एका सत्रासाठी तिकडे शिकायला जाणार होतं. पेपरात फोटोसकट बातमी आली होती. फोटोत आबासाहेब होते, गोसावी सर होते, आमच्या विभागाशी काडीचा संबंध नसलेले बरेच जण होते आणि अगदी कडेला, एक कान कापला गेलेली मी होते. इटलीच्या लोकांनी फोनवर मुलाखती घेतल्या आणि त्यात मी एकटीच पास झाले. दुसरी जागा संस्थेने भरायची होती. बातमीनंतर थोड्याच दिवसांत कळलं की तिथे हर्षदा येणार. हर्षदा आबासाहेबांची पुतणी. मुलाखत नाही की काही नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं, देवळाबाहेर रांगेत उभं राहणारे वेगळे आणि मागच्या दारानं दर्शन घेणारे वेगळे.

मी सरांना म्हणाले की बाकीचे चार तुम्ही ठेवा, मी अगदी दारूसुद्धा शिकेन, पण रेघ मारलेला तेवढा मला परत द्या. त्यांनी मान हलवली. त्या विषयाचा अर्धा वर्ग डोंगरातल्या एका गावात भरायचा. म्हणजे बाहेरगावी राहणं आलं, हर्षदा तिथे जाणार नाही, आणि मग मी तिथे एकटी.

"माझ्या हातात नाही ते," ते म्हणाले. "बदल हवा असेल तर वडिलांना घेऊन ये. त्यांनी समोर सांगितलं तर मी आत्ता बदलतो."

एकवीस वर्षांच्या मुलीला विषय निवडायला बापाला घेऊन यायला सांगत होते. मी कागद घेतला आणि दार जरा जोरातच लावलं.

तो विषय होता दगडी घरांची भूकंपानंतरची दुरुस्ती. इटलीतल्या त्या गावात मागे भूकंप झाला होता, आणि तिथली खिळखिळी झालेली घरं सावरता सावरता विद्यापीठाची मुलं काम शिकत होती. त्या एका विषयासाठी मी फोनवर माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत घसा सुकेपर्यंत बोलले होते. कारण आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात आहे. सदुसष्टच्या भूकंपात आमचं घर पडलं. माझे वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा नऊ वर्षांचे होते. ते आणि त्यांची मोठी बहीण आतल्या खोलीत झोपले होते, आजी-आजोबा बाहेर पडवीत. पहाटे भिंत दोघांच्या अंगावर आली. उजाडल्यावर लोकांनी दगड उपसले तेव्हा अण्णा जिवंत निघाले, ताई निघाली नाही. आम्हाला एवढंच माहीत होतं. दर वर्षी अकरा डिसेंबरला अण्णा उपास करायचे आणि त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. स्थापत्यला का गेलीस असं कुणी विचारलं की मी सांगायचे, मार्क पडले म्हणून. खरं कारण ती भिंत होती. जी भिंत शंभर वर्षं उभी राहते आणि एका झटक्यात दोन पोरांच्या अंगावर येते, तिचा मला लहानपणापासून राग होता.

केबिनमधून निघाले ती मी थेट मैदानावर गेले. हर्षदा खो-खोच्या खांबाला टेकून दम खात होती. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मातीनं माखलेली. बाकीच्या मुली पाणी प्यायला गेल्या होत्या, हे बरंच झालं, कारण मी पोचल्या पोचल्या तोंड सोडलं. काकांच्या जिवावर इटली बघायची तर खुशाल बघ म्हणाले. पण तुला डोंगरात राहायला जमत नाही म्हणून माझा विषय का खातेस? तुझे विषय सोपे हवेत म्हणून मी चार महिने हिशेब तपासत बसू? अजून बरंच बोलले. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"झालं बोलून?" तिनं विचारलं. "आता मला सांग, मी इटलीला जायला नाचतीय असं तुला कुणी सांगितलं?"

"मग कशाला चाललीस?"

"तुला सोबत म्हणून."

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण तिचा चेहरा माझ्याइतकाच लाल झाला होता, आणि तो पळून झालेला नव्हता.

मग तिनं सांगितलं. बातमी पेपरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा आबासाहेबांच्या बंगल्यावर गेले होते. चहा हर्षदानेच नेऊन दिला होता. सोफ्याच्या कडेवर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. म्हणाले, मुलीला पाठवतो, पण एकटी नाही. दुसरी मुलगी बरोबर पाहिजे. एक खोली, एक वर्ग, एक इमारत, आणि दिवे लागायच्या आत दोघी घरात. जमत नसेल तर आमची मुलगी येणार नाही. आणि मी गेले नसते तर पहिल्याच वर्षी तो करार कागदावर राहिला असता. आबासाहेबांनी तर फोटो छापून आणला होता.

"घरात या वयाची मुलगी मीच एक," हर्षदा म्हणाली. "मला कुणी विचारलंसुद्धा नाही. डिसेंबरात आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत आणि मी कप्तान आहे. शाळेपासून या मातीत गुडघे फोडून घेतलेत मी. आता ते सोडून तुझ्या शेजारी बसायला चाललीय, दारूचा धंदा शिकत. आणि वर तू मलाच शिव्या देतीयस. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच."

अण्णांनी घरी ताकास तूर लागू दिली नव्हती. त्या दिवशी ते तालुक्याला पगारपत्रकांच्या कामाला गेलेत असं आई म्हणाली होती.

"घरी जाऊन भांड," हर्षदा म्हणाली. "आणि भांडशील तेव्हा थोडं माझ्या वतीनंही भांड."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी गावाला निघाले. सगळ्या वाटेनं मी मनातल्या मनात अण्णांशी भांडत होते आणि प्रत्येक वेळी मीच जिंकत होते. माझ्या पोरीचं डोकं चांगलं आहे असं गावभर सांगत फिरणारा माणूस, आणि त्यानं त्या डोक्याला विचारायचं सोडून चोरून दुसऱ्याच्या दारात जाऊन अटी घालाव्यात? ज्यांच्यापुढे कधी मान वाकवली नाही त्यांच्या सोफ्याच्या कडेवर बसावं? गाडी खोऱ्यात उतरली तेव्हा माझे दात आवळून आवळून दुखायला लागले होते.

घरी न जाता मी शाळेत गेले. अण्णा तिथे मुख्याध्यापक होते. उन्हाळ्याची सकाळची शाळा नुकतीच सुटली होती आणि ते एकटेच चौथीच्या वर्गात फळा पुसत होते. मला बघून त्यांनी आधी विचारलं, जेवलीस का. मी विचारलं, तुम्ही आबासाहेबांकडे गेला होता का.

"गेलो होतो," ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"मग आता काय करतेय?"

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढून एकेक विषय बोट ठेवून वाचला, जसा ते मुलांकडून धडा वाचून घ्यायचे तसा. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"द्राक्षमद्य म्हणजे?"

"दारू, अण्णा. गळ्यात माळ घालून तुम्ही पोरीला दारूचा धंदा शिकायला पाठवताय. दिवे लागायच्या आत."

त्यांचा हात माळेकडे गेला, पण ते हसले नाहीत. कागदाची घडी घालत म्हणाले की विषय कुठला का असेना, पुस्तकं काय, इकडे येऊनही वाचता येतील. परक्या मुलखात एकटीनं राहायचं नाही. मी म्हणाले, का? ते म्हणाले, माणसाला सोबत लागते. मी म्हणाले, कशाला लागते? मी एकवीस वर्षांची आहे, दोन वर्षं कॉलेजच्या वसतिगृहात राहते, इटलीत वाघ आहेत का? ते नुसतेच म्हणत राहिले, सोबत पाहिजे. माझं, हर्षदाचं, गोसावी सरांच्या रविवारचं, कशाचंच त्यांना काही नव्हतं. तोच एक शब्द ते भिंतीला पाठ लावून धरून बसले होते, आणि तो ऐकून ऐकून माझा तोल गेला.

"ताईला सोबत होती, अण्णा," मी म्हणाले. "तुम्ही होतात तिच्या शेजारी. सोबत होती म्हणून वाचली का ती? भिंत धड नव्हती. ती भिंत धड कशी करायची ते मला शिकायचंय, आणि तुम्ही नेमकी त्याच्यावर रेघ मारायला लावलीत."

आमच्या घरात ताईचं नाव अशा आवाजात कुणी कधी काढलं नव्हतं. अण्णांनी कागदाची घडी खिशात ठेवली. ते मुलांच्या बाकावर बसले, पहिल्याच, बुटक्या बाकावर. त्यात त्यांचे गुडघे मावेनात.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत.

"ती बोलत होती माझ्याशी. दिसत नव्हती, पण हात लागत होता. म्हणाली, बाळू, झोपू नको, माणसं येतायत. पाढे म्हण, मी ऐकते. मी बेचा म्हटला. तीनचा म्हटला. ती मध्ये मध्ये चूक काढत होती. चारच्या पाढ्याला माझा डोळा लागला. मग ती मला हाका मारत होती, ते मला झोपेत ऐकू येत होतं. पण मी उठलो नाही गं. दगड काढले तेव्हा उठलो. शेवटाला ती एकटी होती."

आम्हाला पाढे आईनं शिकवले होते. सबंध गावाला शिकवणाऱ्या माणसानं आपल्या पोरीचे पाढे कधी घेतले नाहीत, हे मला तेव्हा आठवलं. लहानपणी मी त्यावरून रुसलेही होते.

अशा वेळी रडू यावं. मला राग आला. आजवर आला नव्हता इतका आला. चाळीस वर्षं हा माणूस त्या डुलकीची शिक्षा भोगत होता, आईलासुद्धा न सांगता, आणि आता त्या शिक्षेत त्यानं मला ओढलं होतं, मैदानावरच्या एका पोरीला ओढलं होतं.

"ती झोप नव्हती," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "छातीवर दगड, नाकातोंडात माती. नऊ वर्षांचं पोर त्यात शुद्ध हरपतं, अण्णा. त्याला झोप म्हणत नाहीत."

"झोपच होती. मला माहितीय ना."

"तुम्हाला काही माहीत नाही. तुम्ही नऊ वर्षांचे होतात."

ते गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प केलं होतं, आणि त्याचं मला काडीचंही बरं वाटलं नाही. बाहेर कुणाचीतरी शेळी शाळेच्या कुंपणाशी ओरडत होती. थोड्या वेळानं त्यांनी फळ्याखालचा खडू उचलून माझ्यापुढे धरला.

"भिंत कशानं पडते?"

मी फळ्यावर काढून दाखवलं. रेघा वेड्यावाकड्या आल्या. आपल्याकडच्या जुन्या भिंती दोन पदरी. बाहेरच्या बाजूनं दगडाचा एक पदर, आतल्या बाजूनं दुसरा, मध्ये माती आणि दगडांच्या बारीक चिपा. बघणाऱ्याला एकच जाड भिंत दिसते. पण ते दोन पदर नुसते शेजारी शेजारी उभे असतात, एकमेकांत गुंतलेले नसतात. जमीन हलली की एक बाहेर पडतो, एक आत.

"आतला आमच्यावर आला," अण्णा म्हणाले.

"हो."

"मग काय करायचं?"

"या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारा दगड घालायचा. थोड्या थोड्या अंतरावर. नवी भिंत बांधताना ते सोपं आहे. पण जुन्या, उभ्या भिंतीत तो कसा बसवायचा, ती न पाडता, ते त्या गावात शिकवतात. इथे बसून पुस्तकातून नाही येत ते. हाताखालून जावं लागतं."

ते उठून फळ्याजवळ आले. आरपार दगड मी जिथे काढला होता तिथे त्यांनी बोट टेकवलं आणि बोटाला लागलेली खडूची पूड बघत राहिले. मग वर्गाला कुलूप लावलं. फळा तसाच राहिला. मी शाळेत असल्यापासून न पुसलेला फळा ठेवून अण्णा घरी गेलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

बापाला असं बोलू नये, असं पुढे मला बऱ्याच जणांनी सांगितलं. आईनं तर महिनाभर सांगितलं. आता त्याला वीस वर्षं होत आली, आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींत मी आरपार दगड बसवून घेतले, तरी ताईबद्दलचं ते वाक्य परत घ्यावंसं मला वाटलेलं नाही. हर्षदाचा संघ त्या डिसेंबरात उपांत्य फेरीत हरला आणि तो रागही तिनं इटलीला फोन करून माझ्यावरच काढला. तो मी आनंदानं ऐकून घेतला.

पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पांढरा इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर एस.टी.त बसले. माझा राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि त्यांनी आयत्या वेळी पाऊल मागे घेतलं तर काय करायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. गोसावी सरांनी त्यांना बघून खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि उत्साहानं नकाशा पसरला.

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळं बसवलंय, गुरुजी. एक वर्ग, एक इमारत. दिवे लागायच्या आत दोघी खोलीवर."

अण्णांनी नकाशाकडे बघितलं नाही. लाल रेघ मारलेला माझा कागद घडी उलगडून त्यांनी टेबलावर ठेवला.

"आबासाहेबांच्या पुतणीला खेळू द्या," ते म्हणाले. "त्यांना मी आत्ता जाऊन सांगतो, माफी मागतो. हिचे पहिले होते ते विषय पुन्हा लिहा."

सर गोंधळले. एकदा माझ्याकडे बघून झालं, एकदा त्यांच्याकडे.

"अहो पण गुरुजी, मग सोबत?"

अण्णांनी सरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि त्याचं टोक रेघेखालच्या विषयावर ठेवलं.

"सोबत नको," ते म्हणाले. "हा भिंतीचा तेवढा ठेवा."